मापात पाप

कोल्हापूर साखरेचा जिल्हा. कारखान्यात साखर क्विंटलनं मोजतात, रक्तात मिलिग्रॅमनं. आता रुग्णाचं समाधानही मोजतात! केंद्रानं २०१६ साली त्यासाठी ‘मेरा अस्पताल’ ही रुग्णांचा अभिप्राय घेणारी व्यवस्था सुरू केली. राज्यानं १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. झकास!

पण मधुमेहाचा रुग्ण एकदाच बरा होऊन घरी जात नाही. महिन्याच्या महिन्याला औषधाच्या खिडकीशी येतो. समजा, गगनबावड्याहून एसटीनं आलेल्या आजोबांना खिडकीतून ऐकू आलं, “ही गोळी बाहेरून घ्या.” आता समाधानाचा आकडा काय टाकायचा?

तीनच प्रश्न विचारा: गोळी मिळाली? किती वेळ थांबलात? जेवणाआधी की नंतर घ्यायची, हे कुणी सांगितलं का? समाधानाचं आम्ही बघून घेऊ.