वीस सेकंदांची माफी

परिषद चाकणच्या पलीकडे होती. विषय, समकालीन जपानी समाज आणि संस्कृती. माझा निबंध जपानी माणसाच्या वेळेच्या भानावर. उद्घाटन साडेनऊला, म्हणून निगडीहून साडेसातलाच निघालो. एवढ्या वेळात बुलेट ट्रेन टोक्योहून निघून क्योतोच्या जवळपास पोचते. मला फक्त चाकण गाठायचं होतं.

स्पाइन रोडने मोशीपर्यंत रिक्षा झकास पळाली. तिथे बस मिळाली, बसमध्ये खिडकीही मिळाली. हे दोन्ही योग एकाच दिवशी आले, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि चिंबळी फाट्याच्या अलीकडे बस जी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कांद्याचा टेम्पो, शेजारी ट्रेलरवर चढवलेल्या कोऱ्या करकरीत मोटारी. बिचाऱ्यांची चाकं अजून रस्त्याला लागली नव्हती, तोवर ट्रॅफिक दाखवून झाला.

वेळ घालवायला मी निबंध काढला. शेजारी कंपनीचा गणवेश घातलेला तरुण होता. मूळचा लातूरचा. कंपनीची बस चुकली म्हणून या बसमध्ये.

"सर, जपानवर? मग आमच्या कंपनीच्या भिंतीवरचे नीटनेटकेपणाचे फाइव्ह एस घेतलेत का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्याने ते बोटांवर मोजले. "सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. शेवटचं म्हणजे आपली शिस्तच, नुसती चावून म्हटलेली."

हे जपानी शिकवायला मला अर्धं सत्र लागतं.

"घरीपण केलं," तो म्हणाला. "मंडळींनी सगळ्या डब्यांना लेबलं लावली. आता साखर पटकन सापडते. मीच सापडत नाही. ओव्हरटाइम."

मी त्याला 'कारोशी' हा शब्द सांगितला. कामाच्या अतिभाराने येणारं मरण. ते थोपवायला जपानला 2014 साली कायदा करावा लागला. त्याने शब्द दोनदा म्हणून पाहिला. "हा नाही आमच्या भिंतीवर," तो म्हणाला.

मग मी निबंधातला हुकमी एक्का काढला. नोव्हेंबर 2017. टोक्योजवळच्या त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्थानकातून 20 सेकंद लवकर सुटली. तेवढ्यासाठी रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली.

"माफी? कंपनीने?" त्याने घड्याळ पाहिलं. "आमच्यात पंचिंगला उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. माफी आम्हीच मागतो, वरून."

कुरुळी आलं, गेलं. आळंदी फाटा आला, पण जाईना. शाइस्तेखानाचं स्मरण झालं. 1660 साली त्यालाही चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले होते. तिथे निदान किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आडवा होता. आमच्यापुढे एक उलटा वळणारा ट्रेलर होता, आणि त्याला वाट दाखवणारे अकरा जण, अकरा दिशांना.

साडेनऊ वाजून गेले तेव्हा मी हिशेब मांडायला घेतला. 20 सेकंदांना एक माफी, तर मिनिटाला तीन. प्रत्येक माफीला कमरेतून वाकायचं. वाकण्याची चिंता नव्हती. दर खड्ड्याला सगळी बस वाकत होतीच, नुसतं 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणायचं राहिलं होतं.

तळेगाव चौकात तो तरुण उतरला. जाताना खिडकीखालून ओरडला, "शित्सुके, सर!"

सभागृहाच्या दारात पोचलो तेव्हा दहा चाळीस. सत्तर मिनिटं उशीर, म्हणजे 210 माफ्या. पहिलीसाठी वाकलोच होतो, तेवढ्यात स्वागताला उभ्या मुलीने हातात गुलाब दिला. "सर, चहा घ्या ना. प्रमुख पाहुणे अजून मोशीला आहेत."

आत समईत वाती घालणं चाललं होतं. पडद्यावर कार्यक्रमपत्रिका झळकत होती, मिनिटांसकट. पाहुणे आले, समई पेटली, तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

म्हणजे मी पंचवीस मिनिटं लवकर आलो होतो. आणि त्या जपानी गाडीचा गुन्हा तरी कोणता होता? लवकर सुटण्याचाच.

निबंध वाचायला उठलो आणि आधी पंच्याहत्तर माफ्या मागण्याची परवानगी मागितली. अध्यक्ष म्हणाले, "वेळ कमी आहे, थोडक्यात आटपा."