ध्येयवादी पाहिजे

(एका खाजगी शिक्षणसंस्थेची कचेरी. भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी आहेत; हल्लीच्या कार्यकारी मंडळाशी त्यांपैकी कोणाचाही परिचय झालेला नाही, हे त्यांच्या मुद्रेवरील प्रसन्नतेवरून सहज ताडता येते. टेबलापलीकडे चिटणीस व खजिनदार. अलीकडे गणित-शिक्षकाच्या जागेसाठी आलेला उमेदवार.)

चिटणीस : आपला अर्ज वाचला. पदवी आहे, अनुभव आहे, हस्ताक्षरही सुवाच्य आहे. परंतु या संस्थेत ज्या गुणाला अग्रपूजेचा मान दिला जातो, त्याचा आपल्या कागदपत्रांत कोठेही मागमूस नाही. या पवित्र क्षेत्रात आपण कोणत्या प्रेरणेने पदार्पण करू इच्छिता?

उमेदवार : गणित शिकवणे मला आवडते, मुलांच्या मनातली त्या विषयाची धास्ती घालवावी अशी इच्छा आहे, आणि घरमालक दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा राहतो. दरमहा किती पडेल?

चिटणीस : पडलात! पगाराचा प्रश्न ओठांवर आला की माणसातला आचार्य मावळतो आणि कारकून उगवतो. प्राचीन भारतातील आचार्य अरण्यात राहून, समिधा आणि दर्भ यांवर संतुष्ट राहून विद्यादान करीत. त्यांनी कधी कोणत्या राजाला दरमहा विचारल्याचे ऐकिवात आहे काय?

उमेदवार : विचारावे लागत नसे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजसेवकांची वेतने लिहूनच ठेवली आहेत. मंत्री, पुरोहित, सेनापती आणि युवराज यांच्या पंक्तीला बसवून त्याने आचार्याला ४८,००० पण लावून दिले आहेत. अगदी तळच्या नोकराला ६०.

खजिनदार : (दचकून) अठ्ठेचाळीस हजार! आचार्याला? कोणत्या शीर्षाखाली?

उमेदवार : कारणही दिले आहे. एवढे वेतन मिळाले म्हणजे ही माणसे कोणाच्या आमिषाला बळी पडत नाहीत आणि धन्यावर रुष्टही होत नाहीत. तनखा थकवून वर निष्ठेची अपेक्षा करणे त्याला व्यवहार्य वाटले नसावे.

चिटणीस : कौटिल्य कुटिल होता, हे नावावरूनच उघड आहे. आपण जवळचे उदाहरण घेऊ. ती तसबीर पाहा, आणि ती शेजारची. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. सरकारी नोकरीचे दरवाजे सताड उघडे असता त्या विद्वानांनी अवघ्या पंचाहत्तर रुपये दरमहावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ वाहिली. आगरकर, गोखले! काय तो त्याग!

उमेदवार : त्या तसबिरींना मीही नमस्कार करतो. परंतु चिटणीससाहेब, तेथे त्याग मागणारे आणि त्याग करणारे एकच होते. संस्थेचा कारभार पाहणारा आजीव सभासद स्वतःच पंचाहत्तर रुपयांवर राबत होता. आपल्या मंडळात पंचाहत्तरवाले किती आहेत?

खजिनदार : (घाईने) आम्ही मानद आहोत. मानद माणसाला वेतन नसतेच. केवळ भत्ता असतो.

उमेदवार : आणि तेथेही पैशाचा विषय निघाल्यावाचून राहिला नाहीच. सभासदांनी बाहेरचे उद्योग आणि बाहेरची प्राप्ती करावी की नाही, यावरून वाद माजले आणि १८९० साली खुद्द टिळकांनी राजीनामा दिला. त्या थोरांनाही जमाखर्चाची चर्चा अपवित्र वाटली नाही, इतकेच मला म्हणावयाचे आहे.

खजिनदार : तर मग चर्चाच करू. वेतन सरकारी श्रेणीप्रमाणे. मात्र पावतीवरचा आकडा आणि पाकिटातला आकडा यांत किंचित अंतर राहील. ते अंतर इमारत-निधीत स्वेच्छेने जमा होते.

उमेदवार : स्वेच्छा कोणाची?

खजिनदार : संस्थेची.

उमेदवार : (क्षणभर विचार करून) आपण माझे डोळे उघडलेत. सासऱ्यांची शेती आहे, भाताला कमी नाही. घरमालकाचे पाहून घेईन. मी वेतन घेतच नाही. एक कपर्दिकही नको. उद्यापासून रुजू होतो.

(चिटणीस गहिवरून उठतात. खजिनदार त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवितात.)

खजिनदार : (हलक्या आवाजात) अहो, मसलत तरी करा! पगारच नाही तर कापायचा काय? वेतनवाढ रोखण्याची धमकी द्यावी तर वेतनच नाही. बडतर्फीचा हुकूम काढावा, तर जो कधी नोकर नव्हताच तो हसत हसत निघून जाईल आणि गावभर सत्कार घेत फिरेल. निवडणुकीत आपल्या मंडळाच्या प्रचाराला त्याला कोण पाठवू शकणार? अध्यक्षांचा नातू त्याच्याच वर्गात आहे, आणि हा मनुष्य जे येईल तेच गुण देईल! शिवाय इमारत-निधीचे काय?

चिटणीस : (घाम पुसून, मोठ्याने) तरुण मित्रा, अतिरेक कोणत्याही सद्गुणाचा वाईट. गृहस्थाश्रमी पुरुषाने योग्य मोबदला नाकारणे हा एक प्रकारचा अहंकारच होय. धर्म आणि अर्थ हे दोन्ही पुरुषार्थच आहेत. आपण पगार घ्या.

उमेदवार : क्षमा असावी. आपल्याच उपदेशाने माझे चित्त आता विरक्त झाले आहे.

खजिनदार : निम्मा तरी घ्या!

उमेदवार : छे.

खजिनदार : पूर्ण घ्या! पावतीवरचा आकडा तोच पाकिटात. इमारत-निधीला एक वर्षाची माफी.

उमेदवार : कायमची.

खजिनदार : (डोळे मिटून) कायमची.

चिटणीस : आणि पहिल्या महिन्याची तसलमात हवी असेल तर तीही देववतो. परंतु नेमणुकीच्या कागदावर आत्ताच सही करा.

उमेदवार : करतो. त्यापूर्वी एकच विचारू? भत्ता वगळता, आपण दोघे हे काम कोणत्या प्रेरणेने करता?

(चिटणीस खजिनदारांकडे पाहतात. खजिनदार सभावृत्तान्ताची वही उघडतात.)

खजिनदार : हा विषय पत्रिकेवर नाही. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत घेता येईल.