सीमेपलीकडचे आप्तेष्ट

घरबसल्या परदेशी माल विकणाऱ्यांइतकी प्रेमळ जमात दुसरी नाही. ग्राहकाचं तोंड पाहिलेलं नसतं, तरी सीएन २२ या कस्टमच्या चिठ्ठीवर खूण बिनदिक्कत 'गिफ्ट'च्या चौकोनात! किंमत, एक डॉलर. आणि आत, व्यवहार चोख हवा म्हणून, चाळीस डॉलरची पावती. पुढे पार्सल हरवलं की हेच दानशूर चाळीस डॉलरच्या भरपाईसाठी पोस्टाच्या खिडकीशी भांडणार, आणि खिडकीतून त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला एक डॉलर दाखवला जाणार.

वर्णनाचीही तीच तऱ्हा. जाहिरातीतला 'एक ग्रॅम गोल्ड'चा कोल्हापुरी साज फॉर्मवरही 'गोल्ड ज्वेलरी' होतो. म्हणजे कस्टमच्या वर्गवारीतलं नकली दागिन्यांचं ७११७ हे शीर्षक सोडून थेट अस्सल दागिन्यांच्या ७११३मध्ये जाऊन बसतो. खोट्याला खरं मानणारा कोणी भेटलाच, तर तो कस्टमचा अधिकारी!

एरवी हे खपूनही जायचं. पण युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाची व्हॅट-सूट १ जुलै २०२१ला काढली आणि अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ला. त्या धांदलीत थांबलेली भारतीय टपालाची अमेरिकेसाठीची सेवा १५ ऑक्टोबरला पूर्ववत झाली. खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंना मात्र अमेरिकेने तेव्हा शंभर डॉलरपर्यंत सूट ठेवली होती. आपल्या विक्रेत्यांना न्यू जर्सीत एकदम इतके भाचे कुठून झाले, याचं उत्तर जनगणनेत शोधू नये.