साडेतीन टनांचा खोकला

सहल कंपनीचं माहितीपत्रक गुरुजी वाचत नाहीत, तपासतात. हातात लाल पेन असतं. 'नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण समाविष्ट' या ओळीपुढं बरोबरची खूण होते. 'वैयक्तिक स्वरूपाचे इतर खर्च वगळून' या ओळीखाली दोन रेघा ओढल्या जातात आणि समासात प्रश्नचिन्ह उमटतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'इतर' या शब्दाचा भारी संशय असतो. हजेरीपटात, पोषण आहाराच्या नोंदवहीत, निवडणुकीच्या कामात, जो घोळ सापडला तो याच रकान्यात.

हे गुरुजी कुणी एक गृहस्थ नव्हेत. मांडवगण फराट्याला, शिरूरच्या पूर्व टोकाला भीमेच्या पाण्यावर ऊस काढणाऱ्या पट्ट्यात, आणि नदीपलीकडं दौंड तालुक्यातही, असे गुरुजी आळीला एक तरी निघतात. पेन्शन बांधलेली, तीन-चार एकर ऊस, मुलगा रांजणगाव एमआयडीसीत, मुलगी वाघोलीत, गुडघे अजून शाबूत. काशी-रामेश्वर झालं, अष्टविनायक झाले (त्यातला रांजणगावचा महागणपती तालुक्यातलाच, त्याला यात्रा म्हणायचं का हा वेगळा वाद), की माणूस बोटीकडं वळतो. २०१८ साली मुंबई–गोवा 'आंग्रिया' सुरू झाली तेव्हा नुसती चर्चा झाली. २०२१ साली 'कॉर्डेलिया' मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला निघाली तेव्हा चौकशी झाली. आता सिंगापूरहून तीन-चार रात्रींची बोट सहलीच्या पॅकेजात इतकी रुळली आहे की निवृत्त शिक्षकांचा सबंध गट गावच्या वाघेश्वराला नारळ फोडून निघतो.

गुरुजींचं चलन टन हे आहे. रुपये त्यांना कळतात, डॉलर मुलगी सांगते, पण खर्च अंगी लागतो तो उसात मोजल्यावरच. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, टनाला ३,५५० रुपये, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. एकरी चाळीस टन निघाला तर गुंठ्याला टन पडतो. त्यामुळं गुरुजींच्या बोलण्यात टन आणि गुंठा एकाच अर्थानं येतात. पुण्यात नातीच्या शाळेची फी ऐकून ते "बावीस गुंठे!" म्हणाले आणि सूनबाईंना वाटलं सासरे जमीन विकायला निघाले. घोडगंगा कारखान्याचं गाळप बंद राहिलं त्या हंगामात तर हा हिशेब आणखी कडक झाला. शेतात उभ्या असलेल्या उसाची किंमत, तो तोडायला कुणी येत नाही तेव्हाच खरी कळते.

प्रवासाच्या आधी काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, औषधांचा बटवा भरतात. बोट लागू नये म्हणून अव्होमिन, तापाला क्रोसिन, जुलाबाला ओआरएसच्या पुड्या, पोटाला ओवा आणि हिंगाच्या गोळ्या, घशाला सुंठ, डोक्याला झंडू बाम, बाकी सगळ्याला कैलास जीवन. गुरुजींच्या बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून, म्हणजे एक बॅग हरवली तरी बीपी राहावं. हा बटवा म्हणजे काकूंचं प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यात एकच गोष्ट नसते. गुरुजींनी खडूच्या धुळीत पस्तीस वर्षं कमावलेला खोकला जोरात उसळला, तर छातीत वाफ द्यायचं यंत्र.

मुलगा म्हणतो, "अण्णा, हजार-दोन हजारांत प्रवासाचा विमा होतोय. काढू का?"

"कशाला? कार्ड आहे की."

कार्ड आहे हे खरंच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण राज्यानं पाच लाखांपर्यंत नेलं आणि सगळ्या रहिवाशांना खुलं केलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे घेणं बंद झालं. गुरुजींना हे शासन निर्णयाच्या तारखेसकट पाठ. पण योजनेच्या यादीत रुग्णालयं असतात जमिनीवरची, आणि सिंगापूरच्या समुद्रात तरंगणारी बोट त्या यादीत कुठून येणार? युरोपला गेलेल्या दुसऱ्या गुरुजींनी विमा निमूट काढला होता, पण तो प्रकृतीसाठी नव्हे. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही म्हणून. आपल्याकडं विमा आजाराला भिऊन निघत नाही, खिडकीतल्या कारकुनाला भिऊन निघतो.

मुलानं काही न बोलता विमा काढला, आणि पावती काकूंच्या बटव्यात हिंगाच्या गोळ्यांखाली ठेवली.

बोटीवर पहिले दोन दिवस गुरुजी सुखात असतात. पॅकेजमधलं सगळं खाल्लंच पाहिजे या कर्तव्यबुद्धीनं ते चार वेळा जेवतात. खोलीचं दार उघडायचं तेच कार्ड खर्चाचंही, हे मात्र त्यांना आवडत नाही. पैसे हातातून गेले की दिसतात, कार्डातून गेलेले शेवटच्या रात्री कागदावर दिसतात, ही पद्धत सावकाराची आहे असं त्यांचं मत. ते अगदीच चूक नाही. बोटीवर डॉक्टरची फीसुद्धा रोख मागत नाहीत, त्याच खात्यावर चढते. सरबत, फोटो, खोकला, सगळे एका यादीत.

खोकला तिसऱ्या रात्री उसळतो. खोलीचा एसी कुठं बंद होतो हे सापडलेलं नसतं. सुंठ होते, बाम होतो, काकू पाठ चोळतात. पहाटे काकू म्हणतात, "आता चला. हटवादीपणा पुरे झाला." गुरुजी तरी नऊ वाजेपर्यंत थांबतात, कारण रात्री-अपरात्री तपासणीचा दर वाढतो हे त्यांनी लिफ्टजवळच्या पाटीवर वाचून ठेवलेलं असतं.

दवाखाना बोटीच्या पोटात, खालच्या मजल्यावर. तिथं हेलकावे कमी बसतात आणि बंदरात रुग्ण बाहेर काढायला दार जवळ पडतं. आत शिरताच नर्स फॉर्म देते. गुरुजी बसतात, चष्मा लावतात, खोकत खोकत तो पहिल्या ओळीपासून वाचतात. 'सर्व खर्च माझ्या खात्यावर टाकण्यास माझी संमती आहे' इथं पेन थांबतं. "रक्कम लिहिलेली नाही," ते म्हणतात. नर्सला मराठी कळत नाही, पण रिकाम्या जागेवर टेकलेलं बोट कळतं. ती दरपत्रक पुढं सरकवते.

नुसत्या तपासणीचे दीडशे डॉलर. बोटीबोटीप्रमाणे हा आकडा शंभर ते दोनशेच्या दरम्यान सर्रास असतो. डॉलर पंच्याऐंशीचा धरला तरी १२,७५० रुपये. गुरुजींच्या तोंडून खोकल्याच्या उबळीतून एवढंच निघतं, "साडेतीन टन."

डॉक्टर भला माणूस. वीस मिनिटं छाती-पाठ तपासतो, बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघतो, वय विचारून ईसीजी काढतो, वाफ देतो, गोळ्या लिहितो आणि हसून निरोप देतो. गुरुजी उठत नाहीत. दंडाकडं बोट दाखवून ते सुई टोचण्याची खूण करतात. डॉक्टर मान हलवतो, गरज नाही म्हणतो. इथं गुरुजींचा खरा भ्रमनिरास होतो. गावात शंभर-दोनशेत सुई मिळते, जरा जास्त दिले तर सलाईन लागतं, आणि साडेतीन टनांत साधी सुई नाही! काकूंना मात्र वाफेनं माणूस शांत बसला याचंच अप्रूप.

दुपारी जेवणाच्या टेबलावर चौकशी होते. वाढणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघतो, बोटीवर आपल्याकडचे असे पुष्कळ. तो सांगतो, "गुरुजी, आमका डॉक्टर फुकट." आणि हे खरं असतं. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे खलाशांचे उपचार मालकानं विनामूल्य करायचे. भारतानं त्यावर २०१५ साली शिक्कामोर्तब केलं. शंभर किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या बोटीवर पदवीधर डॉक्टर हवाच, हेही त्याच करारात. म्हणजे डॉक्टर आहे तो कामगारांच्या कायद्यानं, आणि पैसे देणार प्रवासी. गुरुजी ताटातला पापड बाजूला ठेवतात. "म्हणजे मी आजपासून तुझ्याबरोबर भांडी विसळली, तर खोकला सरकारी?"

शेजारच्या टेबलावरच्या निवृत्त अमेरिकन बाईंना हा विनोद कुणीतरी उलगडून सांगतं. त्या हसत नाहीत. त्यांच्या देशातलं ज्येष्ठांचं सरकारी संरक्षण बोट अमेरिकन बंदरापासून सहा तासांहून लांब गेली की बोटीवरच्या डॉक्टरचे पैसे देत नाही. श्रीमंत देशाची पेन्शनरही आपल्याच रांगेत उभी आहे हे पाहून गुरुजींना बरं वाटतं. खोकलाही थोडा कमी होतो.

बोटवाल्यांची बाजूही आहे. भर समुद्रात दिवसरात्र डॉक्टर आणि नर्सा ठेवायच्या, ईसीजी, क्ष-किरण, रक्ततपासणी, प्राणवायू, श्वासाचं यंत्र, हृदयाला झटका देण्याचं यंत्र सज्ज ठेवायचं, आणि बहुतेक दिवस कुणाचा तरी घोटा मुरगळतो नाहीतर पोट बिघडतं. आणीबाणी सेवेच्या अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं बोटींवर काय काय असावं याची मार्गदर्शक यादीच केलेली आहे. ते सगळं फुकट चालणार नाही. पण समोरच्या गल्लीत दुसरा दवाखाना नसला की दर कसे वागतात, हे एकाच कारखान्याला ऊस घालणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

आणखी एक गंमत पुष्कळ वर्षं चालली. डॉक्टर चुकला तर बोटवाले म्हणत, तो आमचा नोकरच नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार आहे. अमेरिकेत १९८८ च्या एका निकालानं त्यांना तशी मोकळीक दिली होती. २०११ साली बर्म्युडात एक वृद्ध प्रवासी पडला, डोक्याला मार लागला, बोटीवरच्या दवाखान्यातून परत पाठवला गेला आणि आठवड्यात गेला. मुलीनं रॉयल कॅरिबियनवर दावा लावला. २०१४ साली अटलांटाच्या अपील न्यायालयानं जुना निकाल बाजूला ठेवला आणि दावा चालवायला मुभा दिली. डॉक्टरच्या अंगावर गणवेश बोटीचा, दवाखाना बोटीचा, बिल बोटीच्या खात्यावर. मग जबाबदारी तेवढी परक्याची कशी? गुरुजींना वाघोलीच्या मुलीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "न्यायाधीशांचे वडील शिक्षक असणार."

खरा मोठा खर्च डॉक्टरच्या फीचा नसतोच. माणूस बोटीवर ठेवण्यासारखा राहिला नाही, तर त्याला परक्या बंदरात उतरवतात किंवा हेलिकॉप्टर मागवतात, आणि खासगी हवाई रुग्णवाहिकेचं बिल काही लाखांत जातं. आपल्या किनाऱ्याजवळ तटरक्षक दल बोटींवरचे अत्यवस्थ रुग्ण उचलून आणतं. त्याचा क्रमांक १५५४. रस्त्यावर १०८, समुद्रात १५५४, हे गुरुजींनी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय, भीमेला पूर आला तर कामाला येईल म्हणून. जानेवारी २०२२ चं कात्रणही तिथंच चिकटवलेलं आहे. 'कॉर्डेलिया'वर दोन हजारांवर माणसांत ६६ कोविडबाधित निघाले आणि बोट गोव्याहून मुंबईला परत फिरली, ते. अशा माणसानं विमा नको म्हणावं, याला काय म्हणायचं?

पण शेवटी विमा कामाला आला, आणि तो गुरुजींच्या सगळ्यात वैतागवाण्या सवयीमुळं. नोकरीत असताना वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती ज्यानं मिळवली आहे, त्याला कागदाचं मोल ठाऊक असतं. अ-ब-क-ड प्रमाणपत्रं, प्रत्येक औषधाचं वेगळं बिल, डॉक्टरची सही, जिल्हा शल्यचिकित्सकांची मंजुरी, आणि एक शिक्का पुसट आला म्हणून शिरूरहून परत आलेली अख्खी फाइल. तेव्हा बोटीवरच्या डॉक्टरपुढं गुरुजी अडून बसले. औषधनिहाय बिल हवं, निदान लेखी हवं, आणि गोल शिक्का हवा. चौकोनी शिक्का मारल्यावर त्यांनी तो परत केला. नर्सनं कुठल्या तरी खणातून गोल शिक्का शोधून काढला तेव्हा दवाखान्याबाहेर चार माणसं ताटकळली होती आणि काकू भिंतीकडं बघत होत्या.

विमा कंपनीला नेमकं हेच लागतं. बोटीवर पैसे आधी आपण भरायचे, दावा मागाहून करायचा, आणि तपशीलवार बिल नसलं की दावा तिथंच बसतो. गटातल्या दुसऱ्या एका गुरुजींनी पोटदुखीचं बिल केबिनच्या कचरापेटीत टाकलं होतं. आपल्या गुरुजींनी त्याच्या तीन साक्षांकित प्रती काढल्या असत्या.

वाफ, ईसीजी, गोळ्या धरून एकूण बिल झालं २६२ डॉलर. विम्यात पहिले शंभर डॉलर ज्याचे त्यानं सोसायचे, ही वजावट अनेक प्रवासी विम्यांत असते. मुलाला वाटलं, आता अण्णा भडकणार. गुरुजींनी एक शब्द काढला नाही. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापून घेतलेली आयुष्यभर पाहिल्यावर शंभराच्या कपातीत त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी पकडलं भलतंच. बँकेनं डॉलर एका दरानं कापला आणि कंपनीनं दुसऱ्या तारखेच्या दरानं परत केला. फरक तीनशे चाळीस रुपयांचा, म्हणजे जवळपास एक क्विंटल ऊस.

दोन स्मरणपत्रं गेली. तिसरं सूनबाई टाइप करताहेत. खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर : मा. विमा लोकपाल, पुणे' अशी ओळ आहे. पत्र रजिस्टरनं धाडायचं होतं, पण टपाल खात्यानं २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं आणि नोंदणीचे पैसे वेगळे लावले. त्याबद्दलचं पत्र टपाल अधीक्षकांना स्वतंत्रपणे जाणार आहे.