पाकिटावरचा शेतकरी

दक्षिण कोरियातल्या शेतकऱ्याने पेपर उघडला की हल्ली त्याला आपण फार मोठे झाल्याचं कळतं. कृषी-अन्नाची निर्यात वाढली, विक्रम मोडला, 'के-फूड'ने जग जिंकलं! तो बिचारा बांधावर उभा राहून आठवू लागतो, आपल्या शेतातून नेमकं गेलं काय?

गेले ते नूडल्स. तिकडे त्यांना राम्योन म्हणतात. २०२४ साली एकट्या राम्योनची निर्यात १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. आता या राम्योनची कुंडली पाहू. कोरिया आपल्या गरजेच्या जेमतेम एक-दोन टक्के गहू पिकवतो, म्हणून गहू बहुतेक अमेरिका-ऑस्ट्रेलियाचा. तळायला पामतेल, तेही बाहेरचं. नवरदेव ऑस्ट्रेलियाचा, अंगाला तेल मलेशियाचं, वरात मात्र बुसान बंदरातून निघते आणि वरमाई म्हणून कृषी मंत्रालय मिरवतं. (कृषी-अन्नाच्या या हिशेबात वर्षानुवर्षे सिगारेटही धरली गेली. ती कोणत्या जेवणात वाढतात, ते विचारू नये.)

बाजारपेठ वाढवायला सरकार देशोदेशी मेळे भरवतं, चमचा-चमचा चाखायला देतं. पण खरा विक्रेता निघाला डेन्मार्कचं अन्न खातं. जून २०२४मध्ये त्याने बुल्दाक या कोरियन नूडल्सचे तीन प्रकार दुकानांतून काढायला लावले. का, तर फार तिखट! मिरचीचा जहालपणा इतका, की विषबाधा व्हायची भीती. घरातल्या पोराला 'त्या डब्याला हात लावायचा नाही' असं बजावल्यावर जे होतं, तेच झालं. ज्यांनी बुल्दाकचं नाव ऐकलं नव्हतं, तेही पाकीट शोधू लागले. महिन्याभराने तीनपैकी दोन प्रकार सन्मानाने परत आले. एवढी जाहिरात फुकटात कोण करून देतं?

स्ट्रॉबेरीचं मात्र नूडल्ससारखं नाही. ती खरोखर कोरियाच्या मातीत पिकते, विमानात बसून सिंगापूर-हाँगकाँगला जाते आणि बोट लागलं तरी डागाळते. एवढ्या नाजूक मालावर भाषण ठोकायचं तरी कसं?

राहिली किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं. ती तर देशाची अब्रू. २००८ साली कोरियाची पहिली अंतराळवीर वर गेली, तेव्हा किमचीही बरोबर गेली. जमिनीवर मात्र हिशेब उलटा आहे. कोरिया जेवढ्या पैशांची किमची विकतो, त्याहून जास्त पैशांची विकत घेतो, आणि ती जवळजवळ सगळी चीनकडून. खानावळीत जेवणाबरोबर फुकट येणारी वाटी स्वस्तातच भरावी लागते. म्हणजे घरची किमची परदेशी पाहुण्यांना, आणि घरच्यांच्या पानात शेजारची.

२०२४च्या उन्हाळ्यात तर कोबीच रुसला. उकाड्याने पीक करपलं, भाव कडाडले आणि सप्टेंबरात सरकारला चीनहून ताजा कोबी मागवावा लागला. दोन महिन्यांनी, २२ नोव्हेंबरला, नेहमीप्रमाणे किमची दिन आला. तारखेचा अर्थ असा सांगतात, की ११ जिन्नस एकत्र आले की २२ गुण येतात. अर्जेंटिनाच्या संसदेनेही २०२३ साली हा दिवस मान्य केला. ११ जिन्नसांतला कोबी कुठला असावा, याबद्दल ठरावात काही अट नाही म्हणून बरं.