मानवी हक्कांची काटामारी

बहुराष्ट्रीय कंपन्यांची मानवी हक्क धोरणे वाचताना अभ्यासकाला प्रथम जाणवते ती त्यांची निर्मळता. सक्तीची मजुरी, बालमजुरी, भेदभाव यांपैकी कशालाही या दस्तऐवजांत थारा नसतो, आणि ज्याला या सगळ्यासकट जगावे लागते त्या कामगारालाही बहुधा नसतो. या वाङ्मयाला बहर आला तो 2011 नंतर. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योग आणि मानवी हक्क यांविषयीची 31 मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. राज्यसंस्थेने हक्कांचे संरक्षण करावे, उद्योगाने त्यांचा आदर करावा आणि ज्याचा हक्क डावलला गेला त्याला दाद मिळावी, अशी त्यांची थोडक्यात मांडणी आहे. शिवाय उद्योगाची जबाबदारी स्वतःच्या कुंपणापाशी संपत नाही, ती कच्चा माल पुरवणाऱ्यांच्या माळेतून, म्हणजे जिला पुरवठा साखळी म्हणतात तिच्यातून, पार शेवटच्या कडीपर्यंत पोहोचते, हेही त्यांत गृहीत आहे. ती शेवटची कडी कोठे शोधावी, हे सांगण्याचे काम मात्र तत्त्वांनी कंपन्यांच्या सदिच्छेवर सोपवलेले दिसते.

ती धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात सापडते. महानगरातील कचेऱ्यांना ठाऊक असलेली वाशी नवी मुंबईतील, जिच्या घाऊक बाजारात साखर पोत्यांनी येऊन पडते. त्या साखरेचा ऊस तोडणारी माणसे जिथून निघतात ती वाशी बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्याला खेटून आहे, आणि या दोन वाशींची एकमेकींशी ओळख करून देण्याची निकड आजवर कोणाला भासलेली नाही. दसरा-दिवाळी उरकली की या पट्ट्यातील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर पेटी, पीठ, ज्वारीचे पोते, शेळी, कोंबडी आणि अर्थातच लेकरे चढतात आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. हिशेबात जोडी एक, राबणारी माणसे दोन आणि मजुरी पुरुषाच्या हाती, अशी ही व्यवस्था असून धोरणातील लिंगभाव समानतेवरील प्रकरणाला तिची झळ लागत नाही, कारण ते प्रकरण फडापर्यंत येतच नाही.

ते का येत नाही, याचे उत्तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मिळते. काट्यावर उसाचे वजन मुद्दाम कमी दाखवण्याला शेतकरी ‘काटामारी’ म्हणतात. धोरणाचीही तीच गत होते. अटलांटा किंवा न्यूयॉर्कजवळच्या मुख्यालयातून ते भरल्या वजनाने निघते. बाटलीबंद पेय तयार करणाऱ्या परवानाधारकाच्या काट्यावर ते ‘अपेक्षा’ या वजनाचे भरते, साखर कारखान्याच्या काट्यावर त्याची ‘जाणीव’ उरते, तोडणी-वाहतूक ठेकेदाराकडे त्याचा एक सहीशिक्क्याचा कागद होतो, मुकादमाकडे कागदही उरत नाही, आणि फडात पाचटावर वाकलेल्या बाईपर्यंत येते ते फक्त पाचट. प्रत्येक कडी आपल्या पुढच्या कडीकडे बोट दाखवते. कारखान्याला विचारले तर कामगार मुकादमाचा, मुकादमाला विचारले तर पैसा ठेकेदाराचा, आणि ठेकेदाराच्या मते तो तर केवळ गाड्या पुरवतो. सर्वांच्या कामाला येणारा हा कामगार अशा रीतीने कोणाचाच नसतो.

मात्र मजुरीच्या वाटाघाटीची वेळ आली की हाच कोणाचाच नसलेला कामगार अचानक साखर कारखान्यांच्या संघासमोर बसतो, ही औद्योगिक संबंधांच्या शास्त्रातील एक विस्मयकारक घटना होय. संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार होतो, आणि तो जुळत नसेल तेव्हा लवाद म्हणून ज्येष्ठ नेते मध्यस्थी करतात. त्यांतील बहुतेकांचा साखरेशी संबंध चहापुरता नसतो, हे येथे नमूद करण्याची गरज नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली आणि तो टनाला सुमारे 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला. एका कोयत्याने पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडीत भरला तर 732 रुपये होतात, ते दोघांत वाटायचे असतात, आणि त्यांतून आधी उचल फेडायची असते.

उचल म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम. ती लग्नात, दवाखान्यात किंवा खरिपाने दगा दिलेल्या घरात पावसाळ्यातच संपते. हंगामात आजारपणाने एक दिवस पडला तर ‘खाडा’ लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही चढतो. हंगाम संपून पट्टा पडला तरी उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसते. आगाऊ रकमेपोटी काम सोडण्याचे स्वातंत्र्य गमावणे याला 1976 च्या कायद्याने वेठबिगार म्हटले असून ती पद्धत देशातून रद्द केली आहे. रद्द झालेली गोष्ट तपासनिसाला दिसणे अर्थातच शक्य नसते.

खाड्याचा धाक कोणत्या थराला जातो, हे बीड जिल्ह्यापुरते सरकारी कागदावर आलेले आहे. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे तिला आढळले. पाळीच्या दिवसांत काम थांबू नये, दंड बसू नये, दुखण्याचा कायमचा निकाल लागावा, अशी ही चक्रे एकमेकांत अडकलेली होती. पाच वर्षांनी, मार्च 2024 मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने फुलर प्रोजेक्टच्या सहकार्याने हीच गोष्ट इंग्रजीत छापली आणि महाराष्ट्रातील या साखरेचे धागे कोका-कोला आणि पेप्सिको यांच्यापर्यंत नेले. त्यामुळे जगाला धक्का बसला. बीड आणि धाराशिवला बसला नाही, कारण तेथील लोकांना ही बातमी तिच्याच गल्लीत राहून वाचावी लागली. पेप्सिकोने हे वर्णन अत्यंत चिंताजनक असल्याचे म्हटले. चिंता हा बहुराष्ट्रीय जबाबदारीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ घटक असल्याचे यानिमित्ताने पुन्हा सिद्ध झाले.

बालमजुरीबाबत धोरणांची भूमिका शून्य सहनशीलतेची आहे, आणि तिला फडात तडा जात नाही. कोपीत, म्हणजे ताडपत्रीच्या त्रिकोणी झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या किंवा जनावरांसाठी वाढे गोळा करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला पगार मिळत नसल्यामुळे ती कामगार ठरत नाही. शाळेत नसल्यामुळे ती विद्यार्थीही नसते. राज्याने 2021 मध्ये 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना जाहीर केली आणि ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळही आहे, त्यामुळे सर्व घटकांची उपस्थिती कागदावर पूर्ण भरते.

उरते ती मार्गदर्शक तत्त्वांच्या मांडणीतील तिसरी बाब, दाद मिळण्याची. त्यासाठी कंपन्यांच्या धोरणांत तक्रार नोंदवण्याचे संकेतस्थळ किंवा दूरध्वनी दिलेला असतो, आणि तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याची हमीही असते, जी येथे अनावश्यक आहे, कारण या तक्रारदाराला कोणी ओळखतच नाही. फडातल्या बाईला हा क्रमांक माहीत असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तिला पाठ असतो मुकादमाचा नंबर. रात्री लेकराला ताप चढला तर दवाखान्यासाठी पाचशे रुपये त्याच्याकडूनच मिळतात, आणि सकाळी ते वहीत उचलीच्या रकमेखाली चढलेले असतात.