नापासाची चिठ्ठी कुठे गेली?

जुनी गाडी विकायला काढली की जाहिरातीत आपण काय काय लिहितो! एक हाती, पुणे पासिंग, कंपनी सर्व्हिस, टायर नवे, एसी चिल्ड, अपघात नाही. टेप कोणत्या कंपनीचा तेही लिहितो. 'पीयूसीत नापास' असं लिहिलेलं तुम्ही कधी वाचलंय?

मी नाही वाचलं. चाळीस वर्षं पेपर वाचतोय.

गेल्या महिन्यात माझ्यावरच वेळ आली. 2014 ची डिझेल हॅचबॅक, एक लाख बारा हजार किलोमीटर पळालेली. विकायच्या आधी ताजी पीयूसी काढून ठेवू, म्हणून पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनपाशी नेली. तिथल्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी खोचली आणि म्हणाला, "काका, रेस करा. फुल." एकदा केली, दोनदा केली. तिसऱ्यांदा आरशात पाहिलं तर मागे स्कूटरवर बसलेली बाई पदराने लेकराचं तोंड झाकत होती.

पडद्यावर आकडा आला 2.31. मर्यादा 1.62.

मुलगा माझ्याकडे बघून हसला. "काका, विकायचीच आहे ना? मग कशाला टेन्शन घेताय?"

आपला जुन्या गाड्यांचा सगळा बाजार या एका वाक्यावर चालतो.

हा 1.62 आकडा आला कुठून? डिझेलचा धूर प्रकाश किती अडवतो, त्याचं हे माप. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 115 वा नियम. बीएस-4 डिझेल गाडीला 1.62, त्याआधीच्या गाडीला 2.45. म्हणजे माझी गाडी बीएस-3 असती तर हाच काळा भपकारा सोडून पास झाली असती. त्या स्कूटरवरच्या लेकराला मात्र गाडी कोणत्या बीएसची आहे हे नाकाने कळत नाही.

आणि पास झाली म्हणजे स्वच्छ झाली, असंही कुणी समजू नये. पीयूसीत डिझेलचा नुसता धूर मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजत नाहीत, फुप्फुसात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण वेगळे मोजत नाहीत. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, इतकंच. परीक्षा इतकी सोपी आहे. त्या सोप्या परीक्षेत जी नापास होते, ती गाडी काय ओकत असेल?

डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय. तंबाखू ज्या यादीत, त्याच यादीत डिझेलचा धूर. तंबाखूच्या पुडीवर निदान चित्र तरी असतं.

आता नापासाच्या चिठ्ठीकडे वळू. जून 2021 मध्ये केंद्राने देशभरासाठी पीयूसीचा एकच नमुना केला. त्यावर क्यूआर कोड आला, मालकाचा मोबाइल नंबर आला. आणि पहिल्यांदाच आणखी एक कागद आला. गाडी नापास झाली तर तसं लिहून द्यायचा कागद. ही चिठ्ठी घेऊन गॅरेजला जा, दुरुस्ती करा. मशीनबद्दल शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर जाऊन पुन्हा तपासा. चांगली सोय आहे.

तुमच्या ओळखीत किती जणांकडे अशी चिठ्ठी आहे? मी माझ्या सोसायटीत विचारलं. साठ गाड्या आहेत. असा काही कागद मिळतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मला मागून घ्यावी लागली. मुलगा म्हणाला, "कुणी घेत नाही काका, फाडूनच टाकतात."

दुसऱ्या दिवशी एका एजंटला फोन केला. त्याने गाडीचं वय विचारलं, रंग विचारला, आकडा ऐकला आणि एका दमात तीन रस्ते सांगितले. एक, ओळखीच्या व्हॅनवर 'करून' देतो. दोन, डिझेलमध्ये बाटली ओतून, गाडी हायवेवर तासभर ताणून आणा, इंजिन गरम असताना लगेच लावू. तीन, पीयूसीच्या भानगडीत पडूच नका, कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या, घेणारा बघेल पुढचं.

चौथा रस्ता गाडी दुरुस्त करायचा. तो त्याने सांगितला नाही.

तिसऱ्या रस्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण भली भली माणसं त्यावर घसरतात. गाडी नावावर करताना आरटीओत चालू पीयूसी लागते. ती नाही, म्हणून मग फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी देऊन टाकायची. पैसे हातात आले, पार्किंग मोकळं झालं. आरसीवर नाव कुणाचं? तुमचंच.

एक खटला ऐका. 2007 मध्ये एकाने गाडी विकली. ती पुढे आणखी हातांत फिरली, पण कागदावर नाव पहिल्याचंच राहिलं. 2009 मध्ये त्या गाडीने अपघात झाला, एक मूल गेलं. भरपाई कुणी द्यायची, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. फेब्रुवारी 2018 मध्ये निकाल लागला: ज्याचं नाव नोंदीवर, तोच मालक, जबाबदारी त्याची. दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी, आणि भरपाई त्याच्या माथी.

मोटार वाहन कायद्याचं 50 वं कलम विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत कळवायला सांगतं. चौदा दिवस. आपण फ्रिजची वॉरंटी याहून लक्ष देऊन भरतो.

"पण न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे." हे वाक्य मला तीन जणांनी ऐकवलं. त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक.

कायदा काय म्हणतो, बघू. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या 17 व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय, आणि समजावून द्यायला एक घोडा उभा केलाय. एकाने लिलावात आजारी घोडा विकला, आजार ठाऊक असून बोलला नाही. ही फसवणूक नाही, म्हणतो कायदा. मुख्याध्यापक खूश!

पण त्यांनी पुढचं वाचलेलं नाही. घेणारी त्याची स्वतःची, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग सांगणं त्याचं कर्तव्य आहे. आणि घेणारा सरळ म्हणाला, की तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं धरतो, आणि हा तरीही गप्प राहिला तर? मग ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

दीडशे वर्षांपूर्वी घोड्याबद्दल लिहिलेलं हे आजच्या गाडीला तंतोतंत लागतं. म्हणून घेणाऱ्यांनो, एक वाक्य पाठ करा. "पीयूसीत पास होते ना? नसेल तर आत्ता सांगा." व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. समोरचा गप्प बसला तरी ते उत्तर आहे.

आणि विकणाऱ्यांनो, तुमच्या मुलीला हीच गाडी दिली असतीत तर सांगितलं असतंत की नाही? मग दुसऱ्याच्या मुलीला का नाही?

डीलरला तर गप्प बसायची सोयच नाही. प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी डीलरने विकली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर वर्षभरापर्यंत कैद किंवा गाडीमागे लाखभर दंड आहे. त्यातून सुटायची एक वाट कायद्याने ठेवलीय: गाडीत काय खोट आहे ते घेणाऱ्याला विकतानाच सांगितलं होतं, हे सिद्ध करायचं. सांगणाऱ्याला कायदा सोडतो. इतकं सोपं असून किती डीलर सांगतात?

2015 मध्ये फोक्सवॅगनचं बिंग फुटलं तेव्हा आपण किती संतापलो होतो. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत. भारतातल्या गाड्यांची तपासणी आपल्या पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केली आणि सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने केलं तर घोटाळा. मग आपण डिझेलमध्ये बाटली ओतून तासाभरापुरता धूर आवरतो, त्याला 'जुगाड' का म्हणायचं?

दिल्लीचंही बघा. दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल तिथे चालणार नाही, असं हरित लवादाने 2015 मध्ये सांगितलं, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच धरलं. पुढे आदेश बदलत राहिले. तेवढ्यात तिथल्या गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत निघाल्या. दिल्लीकरांच्या फुप्फुसांना न सोसणारा धूर लातूरकरांच्या फुप्फुसांना सोसतो, असं कोणत्या डॉक्टरने सांगितलं?

धूर विकला म्हणून संपत नाही. पत्ता बदलतो.

"सांगितलं तर किंमत पडते हो!" पडते. किती पडते? मी माझ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, ईजीआर व्हॉल्व्ह सोडवून माझ्या हातावर ठेवला. आत काजळी अशी बसली होती, की बोट फिरवलं तर चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखं काळं झालं. दोन इंजेक्टर टपकत होते. एअर फिल्टर तर कधी बदलला तेच मला आठवेना. एकूण खर्च बावीस हजार. गाडीची बाजारात किंमत सव्वातीन लाखांच्या घरात. म्हणजे खरं बोलायचा भाव झाला शंभराला सात रुपये.

दुरुस्त करूनच का विकली नाही? विचार केला होता. पण 'नुकतंच काम केलंय' हे विकणाऱ्याचं वाक्य कोण खरं मानतं? मी स्वतः मानत नाही. घेणाऱ्याला काम त्याच्या माणसाकडून करून घ्यायचं असतं. मग तेवढे पैसे सोडावेत आणि चिठ्ठी त्याच्या हातात द्यावी, असं ठरवलं. जाहिरातीतही लिहिलं: पीयूसीत नापास, आकडा 2.31, चिठ्ठी मिळेल.

आठवडाभर फोन आले ते वेगळेच. एकाने विचारलं, गाडी जळालीय का? एकाने लाखभर कमी सांगून ठेवून दिला. एका डीलरने तर मलाच दम भरला, "असं लिहून तुम्ही मार्केट खराब करताय."

मार्केट मी खराब करतोय?

रविवारी सासवडचा एक मुलगा आला. हडपसरला कंपनीत शिफ्टला जातो. रोजची येजा दुचाकीवर, आता घरात बाळ आलंय म्हणून गाडी हवी. सोबत त्याचे वडील. त्याने गाडीभोवती चक्कर मारायच्या आधी चिठ्ठी मागितली. उभ्या उभ्या पूर्ण वाचली, फोटो काढला आणि विचारलं, "काका, हे ईजीआरचं आहे की इंजेक्टरचं?"

मी म्हटलं, दोन्हींचं. मेकॅनिकने लिहून दिलेला खर्चाचा कागद दाखवला. वडिलांनी पंचवीस हजार कमी करा म्हटलं, मी वीस म्हटलं, बावीसवर आलो. टोकन घेतलं. आधी काम, मग पीयूसी, मग आरटीओचे फॉर्म, आणि नावावर झाल्याशिवाय बाकीचे पैसे नाहीत, हे त्याच्याच तोंडून आलं. बापाने मान डोलावली.

निघताना मी म्हटलं, घरी दाखवायला न्यायची असेल तर एक चक्कर मारून आण, किल्ली घे.

"नको काका," तो म्हणाला. "दिवे घाटात चढाला हिला रेस द्यावी लागणार. रोज मीच तिथे अशा गाड्यांच्या मागे असतो, श्वास घेता येत नाही. आधी गॅरेजला टाकू."

त्याने दुचाकीला किक मारली, वडील मागे बसले. चिठ्ठी त्याने चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवली होती.